दहा सुतांचे दार

आज सकाळी छपरीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो, तेव्हा एक चिमणी चोचीत कापसाचा पुंजका धरून कपडे वाळवायच्या दोरीवर येऊन बसली. पुंजका तिच्या डोक्याहून मोठा. वाऱ्याने तो तिच्या तोंडावर येत होता आणि तिला समोरचे काही दिसत नसावे. तरी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करून तिने अंतर मापले आणि उडून थेट कडुनिंबाखालच्या पेटीच्या भोकात शिरली. कापूस मात्र बाहेर अडला. मग आतून कुणी ओढून घ्यावा तसा तो हळूहळू, तंतू तंतू करत नाहीसा झाला. आमच्या वऱ्हाडात पाखरांच्या बिछान्याला कापसाची वाण नाही. हंगामात गाड्या बाजाराकडे निघाल्या की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे झुबके लागतात, आणि माणसांच्या गाद्या भरण्याआधी चिमण्यांच्या भरून होतात.

ते भोक सव्वा इंचाचे आहे. सुतारकामात इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात, म्हणजे हिशेबाने दहा सूत. आता सेंटीमीटर आले. मुलांच्या पट्टीवर इंच उलट्या बाजूला जाऊन बसले. माझी सगळी नोकरी जमिनीच्या मोजणी खात्यात गेली आणि साखळी, टेप, पट्टी यांच्याशी माझे नाते घरच्यांसारखे आहे. नवी मापे मी मुकाट्याने शिकलो. पण हे एक भोक माझ्या मनात दहा सुतांचेच राहिले. ते ज्यांनी पाडले ते मिस्त्री तिवशाचे. माझ्या बायकोचे माहेर तिथलेच, त्यामुळे ती त्यांची गावची लेक आणि मी गावचा जावई. मिस्त्री उंच, वाकलेले, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली, कानावर पेन्सिल. मला ते ‘जवाईबुवा’ म्हणत, आणि त्या एका शब्दात अर्धा मान आणि अर्धा टोमणा अशा सफाईने मिसळत की नेमका कुठला अर्धा आपल्या वाट्याला आला, हे घरी जाऊन विचार केल्यावरच कळावे.

ज्या वर्षी नवे पैसे आले, त्या वर्षी अमरावतीत आमचे हे घर बांधून झाले. दारे-खिडक्या मिस्त्रींच्या. बांधकामावर मी रोज उभा राहत असे आणि गवंड्याला एकच सांगत असे: फट राहता कामा नये. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये, चौकटीच्या वर, वाशांच्या टोकांशी, कुठेही बोट जाईल अशी जागा मी शिल्लक ठेवू दिली नाही. धूळ नको, विंचू नको, गळती नको. राहायला आल्यावर महिनाभराने बायको म्हणाली, “सगळं चांगलं झालं. पण हे घर नाई वाटत, हापीस वाटते.” काय कमी आहे विचारले, तर ती छताकडे पाहत म्हणाली, “एक चिमणी नाई घरात. कुठून येईन? तुमी जागाच नाई ठेवली.” तिवशाच्या घरात प्रत्येक तसबिरीमागे एक संसार असे, गवताच्या काड्या अंथरुणावर पडत आणि ती झाडताना कुरकुरत असे. त्या कुरकुरीची तिला आठवण येत होती.

ही गोष्ट मिस्त्रींच्या कानावर गेली. मुहूर्तासाठी लांबलेल्या वास्तुशांतीला त्यांनी आहेर म्हणून, दोन माणसांनी उचलावी लागेल अशी एक वस्तू मोटारीच्या टपावरून आणली. चिमण्यांचा वाडा. आमच्याच चौकटींच्या उरलेल्या सागातून केलेला, तीन फूट लांब, दोन मजली, खाली चार आणि वर चार अशा आठ खोल्या. प्रत्येक खोलीला महिरपीचे दार, तीन इंच उंच आणि अडीच इंच रुंद. दारांपुढे लांबच्या लांब छपरी, तिला कातीव गोट्यांचा कठडा. दोन्ही मजल्यांच्या मधून गेलेली पाच इंच रुंद पट्टी, आणि तिच्यावर कोरलेली कपाशीची वेल: पाने, फुले, उकललेली बोंडे, अर्धे बोट खोल. वर हिरवा रंग दिलेला पत्रा. रंधा असा मारलेला की आतल्या भिंतींतही तोंड दिसावे. मी पट्टी लावून पाहिली. आठही दारे सुताला सूत सारखी होती. शेजारच्या वकिलीणबाई, ज्या सहसा कशालाच चांगले म्हणत नसत, त्या म्हणाल्या, “आमच्यापेक्षा चिमण्याच सुखी बाप्पा!” घर दिसले पाहिजे म्हणून मिस्त्रींनी तो वाडा दर्शनी भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, पश्चिमेकडे तोंड करून ठोकला. जाणारे-येणारे थांबून पाहत.

मी एक वही घातली. रकाने पाच: तारीख, खोली, अंडी, पिल्ले, उडाली. पहिल्या पंधरवड्यातच एक चिमणा आला आणि त्याने आठही खोल्या आपल्या म्हणून जाहीर केल्या. हा प्राणी वजनाने दोन तोळ्यांचा, पण मालकी हक्काची जाणीव मोठ्या जमीनदाराची. एका दारात बसून तो उरलेली सात राखायचा. शेजारच्या दारात दुसरी जोडी डोकावली की छपरीवरून धावत जायचा, भांडायचा, परत येऊन छाती फुगवायचा. दारे ओळीत आणि छपरी सलग, त्यामुळे पळापळीला अडथळा नव्हता. आठ खोल्यांत शेवटी एकच बिऱ्हाड झाले. तिसऱ्या खोलीत चार अंडी. पण दाराचा उंबरा जमिनीच्या पातळीला होता, माणसांच्या घराला असतो तसा. चिमणी उडाली तेव्हा गवतासकट दोन अंडी घरंगळून छपरीवर आली आणि तिथून खाली. उरलेली दोन कावळ्याने नेली. त्याला बसायला कठडा होता, मान घालायला तीन इंचाचे दार होते. अगत्यात आम्ही काही कमी ठेवले नव्हते. त्यानंतर साळुंक्या आल्या. दार त्यांच्याही मापाचे निघाले. त्यांनी चिमण्यांचे सगळे सामान बाहेर फेकले आणि स्वतःही राहिल्या नाहीत.

वैशाखात वरच्या मजल्यावर तीन पिल्ले झाली. बायको तेव्हा दर तासाने स्वयंपाकघरातून बाहेर यायची. आमच्याकडचा वैशाख ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून समजणार नाही. दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीवरच्या त्या हिरव्या पत्र्याला मी बोट लावले आणि लगेच काढले. दुसऱ्या दिवशी तिन्ही पिल्ले उंबऱ्यापाशी येऊन, चोची उघड्या ठेवून मरून पडली होती. एक खाली, आमच्या दारातल्या रांगोळीवर पडले होते. वहीत मी लिहिले: अंडी सात, पिल्ले तीन, उडाली शून्य.

श्रावणात मिस्त्री आले, तेव्हा छपरीत वकिलीणबाई बसल्या होत्या. बायकोने मिस्त्रींपुढे चहा ठेवला. ते कप उचलणार तोच वकिलीणबाई म्हणाल्या, “काय मिस्त्री, वाड्याले भाडेकरू भेटला का?” मिस्त्री हसले. मग बाई बायकोकडे वळल्या. “मी तं सांगतो, काढून टाका वो तो. नव्या घराच्या दारात मेलेलं पाखरू पडणं चांगलं नाई. लोक बोलून राहिले.”

मिस्त्रींना मेलेल्या पिल्लांचे कुणी कळवले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला खोटे बोलता येत नाही आणि खरे मऊ करून सांगता येत नाही. मी वही आणून पुढे ठेवली. त्यांनी चष्मा नीट केला, रकाने वाचले, शेवटच्या शून्यावर बोट ठेवले.

“चाळीस वर्सं झाली दारं करून राहिलो,” ते म्हणाले. “माह्या हातच्या घरातून मुडदा निघाला, असं कोणी म्हटलं नाई अजून.” त्यांनी कप हळूच बायकोकडे सरकवला. “बाई, माह्या या घरातून एक जरी पाखरू आपल्या पंखानं उडालं, तं तुह्या घरी चहा घेईन. तोवर नाई.”

“काका, असं काय करता?”

“बोललो ते बोललो.”

बायकोचे डोळे भरले. माहेरचे माणूस तिच्या दारातून कोरड्या तोंडाने परत चालले होते. दुसरीकडे वकिलीणबाई म्हणत होत्या ते तिलाही आतून खुपत होते. मेलेले पिल्लू तिनेच सुपात उचलले होते. तिने डोळे पुसले आणि पंचासारखा निवाडा दिला: पुढच्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत वाडा राहील. तोवर एक पिल्लू उडाले तर उडाले, नाहीतर तो उतरवायचा आणि पुन्हा त्याचा विषय काढायचा नाही. “आणि मग काका कधी आमच्या घरी येनार नाईत, तेही मले माहीत हाय,” असे ती माझ्याकडे पाहून म्हणाली, जणू सगळी अंडी मीच खाली ढकलली होती.

दिवाळीनंतर माझी बदली अकोल्याला झाली. शनिवारी घरी यायचे, सोमवारी परत. तिथून बार्शीटाकळी, मूर्तिजापूर असा दौरा असे. मूर्तिजापूरला छोट्या गाडीची वाट पाहत एकदा साडेतीन तास मालधक्क्यावर बसलो होतो. समोर दगडी भिंत आणि तिच्यात जुन्या बांधकामाच्या परांच्यांच्या बांबूंची भोके राहिलेली, काही अर्धवट बुजलेली. त्या भोकांतून चिमण्यांची ये-जा सुरू. मनात आले, या चिमण्यांना कुणी महिरप दिली नाही, कठडा दिला नाही, आणि यांचे बरे चालले आहे. ते का, हे मोजून पाहता येईल. मालाच्या पेट्यांवर चढून मी खिशातली टेप काढली. एक हमाल बराच वेळ पाहत उभा राहिला. शेवटी म्हणाला, “काहून साहेब, आता भिताडाचीबी मोजणी लागली का?” मी म्हटले, लागली. तो गंभीर झाला आणि त्याने पेटी धरून ठेवली.

त्या दिवशी आणि पुढच्या चार फेऱ्यांत मी भोके मोजली. मोठ्या भोकांत साळुंक्या होत्या किंवा कावळ्याने विस्कटलेले गवत होते. जिथे जुन्या पिसांचा आणि विष्ठेचा थर जाड होता, म्हणजे वर्षानुवर्षे पिल्ले वाढली होती, ती भोके बहुतेक दहा-अकरा सुतांच्या आसपास. तोंड लहान, आत पोकळी मोठी, आणि घरट्याची जागा तोंडाच्या पातळीला नव्हे तर वीतभर खाली. एकाही भोकापुढे बसायला पट्टी नव्हती. चिमणीला ती लागत नाही. ती थेट आत शिरते. पट्टी लागते ती कावळ्याला.

हे सगळे आकड्यांत मांडून मी मिस्त्रींपुढे ठेवले, आणि त्यांनी ते वाचलेही नाही. “जवाईबुवा, तुमी जमीन मोजा. लाकूड मले मोजू द्या.” तो रविवार असाच गेला. पण माणूस खरा कारागीर होता. पुढे तिवशाच्या एका जुन्या गोदामाचे छप्पर दुरुस्त करताना ते दुपारी फळीवर उताणे पडले होते, आणि तुळईच्या सांध्यात पडलेल्या एका भोकातून चिमणी आत-बाहेर करताना त्यांनी पाहिली. उठून त्यांनी भोकात पट्टी घातली. त्या शनिवारी ते मोटारीने आले, दारातूनच म्हणाले, “पाखराले दार नाई लागत. भोक लागते. दहा सूत.” मी वहीचे ते पान उघडून दाखवले. “मंग आधी काहून नाई सांगितलं?” असे तेच मला म्हणाले.

खोल्यांचा प्रश्न मात्र त्यांनी सोडवला आणि तो मला कधी सुटला नसता. आठांच्या चार करा, असे माझे म्हणणे. त्यांनी मान हलवली. “खोल्या किती, त्याले महत्त्व नाई. भाऊ भाऊ वेगळे निघाले का मले बोलावतात. मी कधी एका भिंतीले दोन दारं पाडून देत नाई. एकाचं समोर, एकाचं बाजूनं, एकाचं त्या बाजूनं. सकाळी उठून एकमेकाचं तोंडच दिसलं नाई, का भांडण कशाचं?” गावोगावच्या वाटण्यांत चाळीस वर्षे भिंती फोडून मिस्त्री जे शिकले होते, ते चिमण्यांना जसेच्या तसे लागू होते. तीन खोल्या ठरल्या. एकीचे तोंड समोर, उरलेल्या दोघींची दोन टोकांना.

मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने वाड्याचे दर्शनी तोंड उतरवले. कठडा काढला, महिरपी काढल्या. माझ्याने ते पाहवेना, म्हणून मी स्क्रू मोजत बसलो. कपाशीची वेल कोरलेली पट्टी त्यांनी पोत्यात गुंडाळून आमच्याच माळ्यावर ठेवली. जाळायची नाही, एवढेच म्हणाले. मग वाडा कापून लहान पेटी केली, नव्या फळ्यांना गिरमिटाने तीन भोके पाडली आणि कानशीने कडा गोल केल्या. खोली पाच इंच बाय पाच इंच, भोक तळापासून सहा इंच वर. वरचे झाकण बिजागरीचे. पत्र्याखाली दोन इंच पोकळी आणि छपराखाली बोटाएवढे झरोके. पेटी पश्चिमेच्या भिंतीवरून काढून पूर्वेला, कडुनिंबाच्या सावलीत नेली. पत्र्यावर बायकोने पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाड थर बांधला आणि उन्हाळाभर दुपारी त्यावर तांब्याभर पाणी मारले. आता ती पेटी ओबडधोबड दिसत होती. रस्त्यावरून कुणी थांबेना.

अकोल्याला मला तिची पोस्टकार्डे येऊ लागली. त्या पत्रांत आमच्या मुलांची खुशाली शेवटच्या ओळीत असे. ‘समोरच्या खोलीत काड्या. डावीकडे दुसरी जोडी. भांडण नाही.’ हे ‘भांडण नाही’ वाचून मी कचेरीत एकटाच हसलो. साळुंकी आली, डोके आत घालून पाहिले, खांदे अडले, गेली. कावळा आला, पायाला आधार मिळेना, पंख फडफडवत गेला. उन्हाचा कडाका गेला आणि ज्येष्ठात समोरच्या खोलीत तीन पिल्ले झाली. बारा दिवस झाले, चौदा झाले. वाचनालयातल्या पुस्तकात पंधरा दिवसांच्या आसपास पिल्ले उडतात असे होते. अठराव्या दिवशी, शनिवारी, मी घरी आलो तर चिमणी अळी चोचीत धरून दोरीवर बसून बोलावत होती आणि भोकात कुणाचे डोके दिसत नव्हते. मी झाकण उघडले.

दोन पिल्ले मेली होती. पूर्ण वाढलेली, पिसे आलेली. तिसरे भिंतीवर चढू पाहत होते. पंजा लावायचे, घसरायचे, पुन्हा पंजा लावायचे. मिस्त्रींच्या रंध्याने आरशासारख्या केलेल्या त्या सागाला त्याची नखे धरत नव्हती. भोकाखाली सहा इंच खोल, हे माप माझे. आणि अंडी पडण्याआधी एका रविवारी आतल्या काड्यांचा जाड थर स्वच्छतेच्या हौसेने काढून टाकणाराही मीच. कावळ्यासाठी खोल केलेली विहीर पिल्लांना भोवली होती. मी ते पिल्लू ओंजळीत घेऊन भोकाच्या तोंडावर ठेवले. क्षणभर बसले आणि भर्रकन उडून कडुनिंबात गेले.

“उडालं!” बायको ओरडली. “लिवा एक. काकाले आजच निरोप धाडा.”

मी वही उघडली आणि ‘उडाली’च्या रकान्यात शून्य लिहिले.

“हे काय वो? डोळ्यांनं पाहिलं ना तुमी?”

“मी हाताने वर ठेवले. आपल्या पंखाने उडाले, असे मिस्त्री म्हणाले होते. ते भोकापर्यंत आपले आपण आले नाही.”

“एका आकड्यासाठी माह्या काकाले उपाशी फिरवता!” त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. मला वाईट वाटत होते. पण एक लिहिले असते तर त्या आकड्याला मीच कधी मान देऊ शकलो नसतो, आणि पेटीतली चूक तशीच पुढच्या पिल्लांसाठी राहिली असती. रविवारी मिस्त्री आले. मी सगळे सांगितले. ती आशेने त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. ते म्हणाले, “जवाईबुवा बरोबर बोलून राहिले, बाई. हातानं काढलेलं धरत नाई.” माझ्याशी ते एकमत झाल्याचा तो पहिला प्रसंग.

मग त्यांनी झाकण उघडून आतल्या भिंतीवरून बोट फिरवले. वरून खाली, खालून वर. “माह्या रंध्यानं मारली लेकरं,” एवढेच म्हणाले. मी सुचवले की आत पटाशीने खाचा पाडू. त्यांनी ऐकले न ऐकलेसे केले आणि बायकोला माळ्यावरचे पोते काढायला सांगितले.

पोत्यातून कपाशीची वेल निघाली. धूळ पुसल्यावर बोंडे पुन्हा उठून दिसली. त्यांनी ती मांडीवर घेतली, पेन्सिलने तीन रेघा ओढल्या आणि करवत उचलली.

“काका, नका कापू! एवढं सुंदर काम.”

“सुंदर कोणाले? मानसाईले.” करवत चालू झाली. “खाचा पाडू म्हणतात जवाईबुवा. अन् हे काय हाय? महिनाभर खाचाच पाडल्या मी.”

सहा सहा इंचांचे तीन तुकडे. ते उभे करून त्यांनी प्रत्येक खोलीत, भोकाच्या बरोबर खाली, कोरीव बाजू आत करून बसवले. पट्टी पाच इंच रुंद, खोली पाच इंच रुंद. एक सूतही घासावे लागले नाही. झाकण लावल्यावर ती वेल कुणाला दिसणार नव्हती. पण तळापासून दारापर्यंत आता बोंडाबोंडाला पाऊल ठेवायला जागा होती.

श्रावणात डावीकडच्या खोलीत चार अंडी पडली. राखीपौर्णिमेला चारही पिल्ले निघाली. मी पंचांग काढून मोजले: पंधरावा दिवस म्हणजे अमावास्या, म्हणजे पोळा. बायकोने पंचांग माझ्या हातातून घेऊन स्वतः मोजले. तिलाही तेच उत्तर आले, आणि ती देवापुढे जाऊन बसली. उजवीकडे आणखी एका जोडीने संसार मांडला होता, पण त्यांची अंडी अजून उबायची होती. मुदतीत बसणारी ही चारच.

पोळ्याला सुटी असते. मी आदल्या संध्याकाळीच आलो होतो. सकाळी पहिल्या मोटारीने मिस्त्री आले, मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी केलेल्या लाकडी बैलांचे पोते खांद्यावर. ते छपरीत बसले, पेटीकडे तोंड करून. घरात पुरण शिजत होते. बायको पाटा अर्धवट टाकून बाहेर आली, तिच्या हाताला वेलचीचा वास. वकिलीणबाई कुंपणापलीकडे बैलांसाठी आरतीचे ताट हातात घेऊन उभ्या राहिल्या. “आज मुदत ना वो?” त्यांनी विचारले.

आठ वाजता भोकात एक डोके दिसले आणि मागे गेले. पुन्हा आले. चिमणी दोरीवर अळी धरून बसली, देईना, नुसती दाखवी. तेवढ्यात कावळा आला आणि पेटीवरच्या पऱ्हाट्यांवर बसला. बायकोने माझा दंड घट्ट धरला. कावळ्याने वाकून भोकाकडे मान लांबवली, चोच पोहोचेना. खाली येऊन भिंतीला पाय लावले, घसरला, पुन्हा वर गेला, पुन्हा घसरला.

“बस ना गा!” मिस्त्री त्याला म्हणाले. “मागल्या साली तुह्यासाठी कठडा केला होता, आता नाई!”

कावळा गेला. आणि मग ते डोके बाहेर आले, पाठोपाठ खांदे, छाती. आतून, बोंडांवर पाय देत, आपले आपण वर चढून आलेले एक पिल्लू दहा सुतांच्या त्या गोलात भरून राहिले. एकदा खाली पाहिले. आणि निघाले. पंख इतके जोरात मारले की त्याचे त्यालाच नवल वाटले असावे. दोरी चुकली, वकिलीणबाईंच्या ताटावरून गेले आणि त्यांच्या पेरूच्या झाडात जाऊन ओरडू लागले. बाईंच्या हातातली वात विझली. “अवो, उडालं!” त्याच आधी ओरडल्या. दहा मिनिटांनी दुसरे. मग तिसरे. चौथे साडेअकरापर्यंत दारात बसून राहिले, आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत बसलो, आणि पुरण खाली लागल्याचा वास आला तेव्हा ते उडाले.

मी वही उघडली. अंडी चार, पिल्ले चार, उडाली चार. चारचा आकडा मी एरवीपेक्षा मोठा काढला आहे. आज पाहिले तरी दिसतो.

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बाई, चहा.” तिने दिला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि बशी पुढे केली. “अजून एक. तो मागल्या सालचा.” ती हसत होती आणि रडतही होती. कुंपणापलीकडून वकिलीणबाई म्हणाल्या, “मिस्त्री, आमच्याकडे पण एक पेटी करून द्या ना.” मिस्त्री दुसऱ्या कपाकडे पाहत म्हणाले, “देतो जी. चहा कसा असते तुमच्याकडे?”

त्यानंतर आमच्या आळीत सात पेट्या झाल्या, सगळ्या मिस्त्रींच्या, कोणतीही दोन दारे समोरासमोर नाहीत. प्रत्येकीच्या आत पटाशीच्या खाचा. बायकोने वही स्वतःकडे घेतली आहे. ‘उडाली’चा रकाना आता पानाच्या खाली बेरीज करावी एवढा भरतो, पोळ्याच्या सकाळी ती बेरीज करते आणि मोठ्याने वाचून दाखवते. मिस्त्री तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत येताना बेरीज विचारत आणि आकडा ऐकला की जमीन जिंकल्यासारखे पाय पसरून बसत.

आज ज्या चिमणीने कापूस आत नेला, ती त्या पहिल्या चौघांची कितवी पिढी, हे काढायला माझ्याकडे साधन नाही. तिला या पेटीमागची भांडणे, मुदत, शून्ये काही ठाऊक नाही. तिच्या दृष्टीने कडुनिंब जसा आहे, आकाश जसे आहे, तशी ही पेटी आहे. कुणी केली असेल असा प्रश्नही तिला पडत नसेल. माणसांसाठी बांधलेल्या घरांची किती नावे, किती पाट्या, किती कोनशिला मी मोजणीत पाहिल्या. पण राहणाऱ्याला ज्याची आठवणही करावी लागत नाही, इतके बरोबर बसलेले घर मी माझ्या आयुष्यात एकच पाहिले, आणि ते माझ्या अंगणात आहे.